तोफगोळा, कोड आणि ॲप स्टोअरचा एक प्रश्न



मागच्या भागानंतर आलेल्या मेलमधला एक प्रश्न दोन ओळींत संपवण्यासारखा नव्हता. म्हणून हा सगळा भागच त्यावर केलाय. नेहमीप्रमाणे हा भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले "म्हणजे", "ॲक्च्युअली" बऱ्यापैकी काढलेत आणि रेकॉर्डिंगमध्ये वेळेअभावी राहिलेल्या काही गोष्टी इथे घातल्यात.

प्रश्न विचारणारा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने नोंदवहीचं एक ॲप बनवलं. लिहिलेल्या नोंदी फोनमध्येच एईएस-२५६ने कुलूपबंद होतात, सर्व्हर वगैरे काही नाही. ॲपलच्या स्टोअरवर चढवताना त्याला विचारलं गेलं की तुझ्या ॲपमध्ये एन्क्रिप्शन आहे का, आणि निर्यात नियमांतून त्याला सूट आहे का. त्याचं म्हणणं असं: "मी तर घरी बसून ॲप चढवतोय. निर्यात कुठून आली? हो म्हटलं तर कोणाची परवानगी लागेल? आणि सरळ नाही म्हटलं तर?"

प्रामाणिकपणे सांगायचं तर बरेच जण "नाही" दाबून पुढे जातात. यूट्यूबवरचे ट्युटोरियलही तेच सांगतात, "इथे नो करा, नेक्स्ट करा". पण हा प्रश्न ॲपलने हौसेने घातलेला नाही. त्याच्या मागे तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आता भारताचा स्वतःचा कायदाही येऊन बसलाय. आपल्यापैकी जे बाहेरच्या ग्राहकांसाठी कोड लिहितात त्यांना तो लागू होऊ शकतो. तेव्हा जरा मागून सुरुवात करू.

दारूगोळ्याच्या यादीतला प्रोग्राम

मी हे भद्रावतीहून बोलतोय. रेल्वेच्या पाटीवर जुनं भांदक हे नाव आहे तेच गाव. इथे "निर्यातीवर नियंत्रण" म्हटलं की कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही, कारण गावाला लागून आयुधनिर्माणी आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी चांदा. तिथे तोफगोळ्यांत आणि रॉकेटांत दारू भरली जाते. २०२१च्या ऑक्टोबरपासून ती पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली गेली. आता तोफगोळा देशाबाहेर जायचा तर सरकारची परवानगी लागणार, यात कोणाला आश्चर्य वाटणार? तो गाडीत चढतो, बंदरावर जातो, कागदावर सही होते, मोजता येतो.

अमेरिकेने १९९६पर्यंत एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर याच रांगेत बसवलं होतं. त्यांची एक युद्धसामग्रीची यादी आहे, म्युनिशन्स लिस्ट. तोफा, रणगाडे, स्फोटकं, आणि त्याच यादीत संदेश गुप्त करणारे प्रोग्राम. कारण ऐतिहासिक आहे. दुसऱ्या महायुद्धात कूटलेखन म्हणजे लष्कराचं काम होतं. जर्मनांचं एनिग्मा यंत्र फोडणं हे एखादी तुकडी गारद करण्याइतकंच मोलाचं होतं. शीतयुद्धात पाश्चात्य देशांनी कोकॉम नावाची समिती करून सोव्हिएत गटाला काय विकायचं नाही ते ठरवलं, त्यातही हे होतंच. जोवर गुप्तलेखनाचं यंत्र लोखंडाचं होतं तोवर नियम चालून गेला.

मग १९९१मध्ये फिल झिमरमन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने पीजीपी लिहिला. साध्या माणसाला घरच्या संगणकावर मेल गुप्त करता यावा म्हणून. मित्रांनी तो इंटरनेटवर टाकला आणि थोड्याच दिवसांत तो अमेरिकेबाहेर गेला. १९९३मध्ये झिमरमनची चौकशी सुरू झाली, विषय विनापरवाना युद्धसामग्रीची निर्यात! आरोपपत्र कधीच दाखल झालं नाही, जानेवारी १९९६मध्ये चौकशी बंद केली. पण तीन वर्षं तो माणूस तुरुंगाच्या टांगत्या तलवारीखाली होता, हे विसरायला नको.

दरम्यान एक गंमत झाली. (गंमत आता वाटते, तेव्हा ती कायदेशीर खेळी होती.) एमआयटी प्रेसने १९९५मध्ये पीजीपीचा अख्खा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला. पुस्तक म्हणजे छापील भाषण, त्याच्या निर्यातीवर बंदी घालणं अमेरिकन राज्यघटनेत बसत नाही. पुढे १९९७मध्ये पीजीपीच्या पाचव्या आवृत्तीचा कोड असाच छापून युरोपात नेला, तिथे सत्तरेक स्वयंसेवकांनी पानं स्कॅन करून, चुका दुरुस्त करून, हजारावर तास खपून पुन्हा चालणारा प्रोग्राम उभा केला. सहा हजारांच्या वर पानं होती. तोच मजकूर फ्लॉपीत घालून विमानात बसला असता तर गुन्हा. कागदावर छापून बसला तर पुस्तक.

हे मी रंगवून सांगत नाहीये. फिल कार्न नावाच्या इंजिनिअरने हाच मुद्दा सरकारला लेखी विचारला होता. ब्रूस श्नायर यांचं 'ॲप्लाइड क्रिप्टोग्राफी' हे पुस्तक बाहेर पाठवू का? उत्तर: खुशाल. त्याच पुस्तकाच्या परिशिष्टातला कोड फ्लॉपीवर घालून पाठवू का? उत्तर: नाही, ती युद्धसामग्री आहे. कार्न कोर्टात गेला. डॅनियल बर्नस्टाइन नावाचा बर्कलेचा विद्यार्थीही गेला, कारण स्वतःचा अल्गोरिदम प्रसिद्ध करायला त्याने आधी शस्त्रविक्रेत्यासारखा परवाना काढावा असं त्याला सांगितलं होतं. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश मॅरिलिन पटेल यांनी १९९६मध्ये म्हटलं की सोर्स कोड हीसुद्धा भाषा आहे आणि भाषेला संरक्षण आहे. १९९९मध्ये वरच्या कोर्टानेही बर्नस्टाइनच्याच बाजूने निकाल दिला.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढे सगळं यावरच येणार आहे. जे उघडपणे प्रसिद्ध आहे ते मोकळं आणि जे बंद आहे त्याची चौकशी, ही रेघ तेव्हा पडली. आजचे नियमही त्याच रेघेवर उभे आहेत, आपले भारतातलेसुद्धा.

चाळीस बिटांचं कुलूप

अमेरिकन कंपन्यांना जगभर माल विकायचा होता, तेव्हा सरकारने तडजोड काढली: कमकुवत कुलूप विकायला हरकत नाही. कमकुवत म्हणजे ४० बिटांची किल्ली. नेटस्केप ब्राउझरच्या दोन आवृत्त्या असायच्या, अमेरिकेतल्यांसाठी १२८ बिट आणि आपल्यासारख्या "इतर" लोकांसाठी ४० बिट. आतला तपशील मला स्वतःला फार आवडतो. निर्यातीच्या आवृत्तीतही काही ठिकाणी किल्ली १२८ बिटांचीच बनायची, पण त्यातले ८८ बिट उघड्यावर पाठवायचे. सोळा लिव्हरचं कुलूप लावून अकरा लिव्हर कुठे बसतात ते दारावर खडूने लिहून ठेवण्यासारखं.

४० बिट म्हणजे नेमकं किती? सायकलच्या नंबरवाल्या कुलपाला तीन चकत्या असतात, एक हजार शक्यता. बसून बसून अर्ध्या-एक तासात उघडतं. ४० बिटांच्या किल्लीच्या शक्यता होतात साधारण १.१ लाख कोटी. ऐकायला प्रचंड. पण सेकंदाला दहा कोटी किल्ल्या लावून बघणारं यंत्र असेल तर तीन तासांत सगळ्या संपतात. प्रत्येक वाढीव बिटाला काम दुप्पट होतं, म्हणून त्याच यंत्राला ५६ बिटांसाठी तेवीसेक वर्षं लागतात आणि १२८ बिटांसाठी लागणारी वर्षं लिहायची तर चोवीस अंकी आकडा होतो. ४० आणि १२८मध्ये तिप्पट फरक आहे असं वाटतं ना? तो फरक तिपटीचा नाही, अशक्य आणि दुपारच्या जेवणाआधी होणारं काम यांच्यातला आहे.

१९९५च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या दामियँ दोलिजेने नेटस्केपचा ४० बिटांचा संदेश आठ दिवसांत उघडून दाखवला. त्याच्याकडे गुप्तहेर खात्याचं बजेट नव्हतं. संशोधन संस्थांमधले सुमारे १२० रिकामे पडलेले संगणक आणि एक-दोन मोठी यंत्रं, एवढंच. १९९८मध्ये ईएफएफ या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत एक यंत्र बांधून ५६ बिटांचं डीईएस तीन दिवसांच्या आत फोडलं. तोवर अमेरिकन सरकारने थोडं नमतं घेतलं होतं. १९९६च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने व्यापारी एन्क्रिप्शन दारूगोळ्याच्या यादीतून काढून वाणिज्य खात्याच्या यादीत टाकलं, आणि जानेवारी २०००मध्ये बरंच मोकळं केलं.

मग बंदीने साधलं काय? कुशल लोक बाहेर राहूनच काम करू लागले. एरिक यंगने ऑस्ट्रेलियात बसून एसएसएलची एक लायब्ररी लिहिली, तिच्यातूनच १९९८मध्ये ओपनएसएसएल झालं, जे आज जगातल्या असंख्य सर्व्हरवर आहे. ओपनबीएसडीवाले कॅनडातून काम करत. डेबियनने एन्क्रिप्शनची पॅकेजेस ठेवायला अमेरिकेबाहेर वेगळा सर्व्हरच केला होता. माल अमेरिकेत येऊ शकत होता, फक्त जाऊ शकत नव्हता, म्हणून सगळ्यांनी तो बाहेरच बनवला.

आणि दुसरं म्हणजे कमकुवत कुलपं नियम गेल्यावरही दारांवर राहिली. २०१५च्या मार्चमध्ये फ्रीक आणि मेमध्ये लॉगजॅम असे दोन हल्ले उघड झाले. दोन्हींचं मूळ एकच. सर्व्हरमध्ये नव्वदच्या दशकातली "निर्यात दर्जाची" ५१२ बिटांची पद्धत जुन्या ग्राहकांसाठी म्हणून चालू ठेवलेली होती. मध्ये बसलेला हल्लेखोर दोन्ही बाजूंना फसवून तीच निवडायला लावायचा. परक्यांसाठी बनवलेलं कच्चं कुलूप पंधरा वर्षांनी घरच्यांच्याच दाराला सापडलं.

जावावाल्यांनी तर हे स्वतः भोगलंय. जुन्या जावात २५६ बिटांची किल्ली दिली की "इल्लिगल की साइझ" असा एरर यायचा आणि ओरॅकलच्या साइटवरून दोन छोट्या पॉलिसी फाइल वेगळ्या उतरवून घालाव्या लागायच्या. जावा ९पासून आणि जावा ८च्या २०१८च्या जानेवारीतल्या अपडेटपासून ते गेलं. माझ्या पहिल्या नोकरीत एक जुना सर्व्हर सांभाळताना हा एरर आला तेव्हा वरिष्ठांनी एवढंच सांगितलं, "त्या दोन फाइल टाक, चालेल." का टाकायच्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या एररला "इल्लिगल" म्हणजे बेकायदेशीर हा शब्द योगायोगाने का होईना, अगदी चपखल बसला होता.

आपल्याकडे काय चाललं होतं

आता इथे अमेरिकेला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्याच काळात आपण काय केलं ते बघा. १९९८च्या शेवटी खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायला परवानगी मिळाली, आणि त्या परवान्याच्या अटींत असं लिहिलं होतं की कोणीही व्यक्ती किंवा संस्था ४० बिटांपर्यंतचं एन्क्रिप्शन विनापरवानगी वापरू शकेल. त्याहून मजबूत हवं असेल तर दूरसंचार खात्याची लेखी परवानगी घ्या आणि किल्ली दोन तुकडे करून त्यांच्याकडे जमा करा. म्हणजे अमेरिका म्हणत होती, तुम्हाला चाळीसच्या वर देणार नाही; आणि आपलं खातं म्हणत होतं, चाळीसच्या वर घेऊ नका.

मग २००१च्या जूनमध्ये मुंबईहून रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्यात बँकांना किमान १२८ बिटांचं एसएसएल सांगितलं. बँकेने कोणाचं ऐकायचं? त्यांनी रिझर्व्ह बँकेचं ऐकलं, आणि ते बरोबरच केलं. देशातला प्रत्येक जण नेट बँकिंग करताना इंटरनेट परवान्याची चाळीस बिटांची रेघ ओलांडत होता आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

२०१५च्या सप्टेंबरचा किस्सा आठवत असेल. राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला, त्यात लोकांनी गुप्त केलेल्या संदेशांची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी असं होतं. म्हणजे व्हॉट्सॲपवर आईला "जेवलो" लिहिलं तरी ते तीन महिने सांभाळा. एवढा गदारोळ झाला की दोन दिवसांत मसुदा मागे घ्यावा लागला.

निर्यातबंदीची दुसरी बाजू, म्हणजे आपल्याला माल न मिळणं, महाराष्ट्राने चांगली पाहिली आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला आडकाठी केली. हवामान अंदाजासाठी एक दिला, पण संशोधनासाठी मागितलेला नाकारला. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, वऱ्हाडातल्या अकोला जिल्ह्यात जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले विजय भटकर प्रमुख झाले, आणि १९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी अभिमानाने सांगितली जाते, सांगावीच. पण १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतीय संस्थांची जी लांबलचक यादी केली त्याचा त्रास तितका सांगितला जात नाही. यादीतल्या संस्थेला साधी वस्तूसुद्धा विकायची तर विक्रेत्याला परवाना काढावा लागायचा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव त्या यादीतून २०२५च्या जानेवारीत निघालं. २०२५!

आता आपण रेघेच्या पलीकडे आहोत

बहुतेक लोकांना माहीत नसलेली गोष्ट ही आहे. कोकॉम १९९४मध्ये बंद झाली आणि १९९६मध्ये तिच्या जागी वासेनार करार आला. वासेनार हे नेदरलँड्समधलं गाव. शस्त्रं आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तू, म्हणजे नागरी कामालाही येतात आणि लष्करी कामालाही अशा, यांच्या याद्या सदस्य देश एकत्र बसून ठरवतात आणि मग आपापल्या कायद्यात घालतात. २०१७च्या डिसेंबरमध्ये भारत त्याचा ४२वा सदस्य झाला. त्याआधी त्याच वर्षी आपली स्वतःची यादी वासेनारशी जुळवून घेतली होती. त्या यादीचं नाव स्कोमेट. सांभाळते विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी.

स्कोमेटमध्ये वेगवेगळे वर्ग आहेत. सहावा वर्ग युद्धसामग्रीचा, म्हणजे आमच्या गावच्या आयुधनिर्माणीत बनतं तसं काही. त्याची परवानगी संरक्षण उत्पादन विभागाकडून. आठव्या वर्गात इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, दूरसंचार, आणि "माहिती सुरक्षा" नावाचा भाग आहे. त्यात गोपनीयतेसाठी वापरलेलं एन्क्रिप्शन येतं, जर किल्ली ५६ बिटांहून मोठी असेल. आरएसएसारख्या पद्धतीत ५१२ बिटांहून मोठी. आज ५६ बिटांच्या आत कोणी काही लिहीत नाही, म्हणजे कागदावर बघितलं तर आपण लिहितो ते जवळजवळ सगळंच यादीत मोडतं.

घाबरू नका, कारण दारं ठेवलेली आहेत आणि ती मोठी आहेत.

पहिलं दार "गोपनीयतेसाठी" या शब्दातच आहे. पासवर्ड तपासणं, डिजिटल सही, ओटीपी, फाइल बदलली का हे बघणं, यात क्रिप्टोग्राफी असते पण गुप्तता हा हेतू नसतो. हे नियंत्रणाबाहेर.

दुसरं दार प्रसिद्धीचं. सॉफ्टवेअर पुढे वाटायला कोणतीही आडकाठी न ठेवता सर्वांना खुलं केलं असेल तर ते "पब्लिक डोमेन"मध्ये धरलं जातं. हा शब्द इथे कॉपीराइटच्या अर्थाने नाही. कॉपीराइट तुमचाच राहिला तरी चालतं. ओपन सोर्स लायब्ररी यात बसते. पीजीपीच्या पुस्तकाने पाडलेली रेघ ती हीच.

तिसरं दार सर्वसामान्य ग्राहकाचं. दुकानात किंवा ऑनलाइन कोणालाही विकत मिळतं, वापरणाऱ्याला आतलं एन्क्रिप्शन सहज बदलता येत नाही आणि बसवायला कंपनीचा माणूस यावा लागत नाही, अशा वस्तूला सूट आहे. फोन, ब्राउझर, चॅटचं ॲप, आणि आपल्या श्रोत्याची नोंदवही.

तेव्हा त्याच्या प्रश्नाचं भारतापुरतं उत्तर: स्टोअरवर सगळ्यांसाठी ठेवलेलं असं ॲप या तिसऱ्या दारातून जातं. डीजीएफटीकडे अर्ज करायची गरज दिसत नाही.

पण ॲपल विचारतंय ते भारतासाठी नाही. तुम्ही ॲप चढवलं की ते अमेरिकन कंपनीच्या सर्व्हरवर जातं, आणि तिथून ज्याने कोणी उतरवलं त्याच्याकडे ते कायद्याच्या नजरेत अमेरिकेहून निर्यात होतं. भद्रावतीत बनलेलं ॲप शेजारच्या वरोऱ्यातल्या माणसाने घेतलं तरी ते अमेरिकेमार्गे आलं. गूगल प्लेवर हा प्रश्न वेगळा ठळक दिसत नाही, पण विकसक म्हणून आपण जो करार स्वीकारतो त्यात अमेरिकन निर्यात कायदे पाळण्याची हमी आहेच.

उत्तर देताना तीन शक्यता. एन्क्रिप्शन फक्त ॲपलच्या सिस्टीममधलं वापरलंय, म्हणजे एचटीटीपीएस किंवा त्यांची क्रिप्टोकिट, तर कागद मागत नाहीत. ओपनएसएसएलसारखी प्रमाणित अल्गोरिदमची लायब्ररी स्वतः सोबत बांधली आणि ॲप फ्रान्समध्येही द्यायचं असेल, तर तिथल्या सायबर सुरक्षा संस्थेकडची घोषणा मागतात. (फ्रान्सचे स्वतःचे जुने नियम आहेत. नको असेल तर देशांच्या यादीतून फ्रान्सची खूण काढता येते, बरेच एकांडे विकसक तेच करतात.) आणि स्वतःच शोधून काढलेला, कुठेच प्रमाणित नसलेला अल्गोरिदम असेल, तर अमेरिकन वाणिज्य खात्याकडून वर्गीकरण करून आणावं लागतं. या शेवटच्या भानगडीत पडू नका. कायद्यापेक्षा मोठं कारण हे की घरी शोधलेलं एन्क्रिप्शन बहुतेक वेळा फुटतं.

म्हणजे एईएस-२५६ असताना "माझ्या ॲपमध्ये एन्क्रिप्शन नाही" म्हणणं हे खोटं विधान झालं, आणि त्याची गरजही नाही. "आहे, आणि ते सूट असलेल्या प्रकारात बसतं" हे खरं उत्तर तितक्याच क्लिकमध्ये देता येतं. प्रोजेक्टच्या इन्फो फाइलमध्ये त्याची एक नोंद असते, ती एकदा भरली की दर आवृत्तीला विचारत नाहीत.

ओपन सोर्स असेल तर अमेरिकेच्या बाजूनेही काम हलकं झालंय. २०००पासून कोड प्रसिद्ध करताना सरकारला एक ईमेल पाठवावा लागायचा. प्रमाणित अल्गोरिदम असतील तर २०२१च्या मार्चपासून तोही लागत नाही. मात्र एन्क्रिप्शनचे नियम आणि देशांवरचे निर्बंध यांची गल्लत करू नका. २०१९च्या जुलैमध्ये गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या विकसकांच्या खासगी रिपॉझिटरी बंद केल्या, तेव्हा कोडमध्ये एन्क्रिप्शन आहे की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. माणूस कुठे बसलाय एवढंच बघितलं. इराणसाठी परवाना मिळून ते २०२१च्या जानेवारीत पूर्ववत झालं.

ज्यांनी खरंच लक्ष द्यायचं ते

ॲपवाल्यांचं झालं. मला जास्त काळजी वाटते ती फ्रीलान्सिंग करणाऱ्यांची आणि छोट्या कंपन्यांची, कारण ते या तिन्ही दारांतून जात नाहीत आणि त्यांना कोणी विचारतही नाही.

समजा चंद्रपूर किंवा नागपुरातली पाच जणांची टीम परदेशातल्या एका ग्राहकासाठी एन्क्रिप्शनचं मॉड्यूल लिहिते. त्याच्या खास यंत्रासाठी, बंद सोर्स, दुसऱ्या कोणाला मिळणार नाही असं. ते प्रसिद्ध नाही, दुकानात मिळत नाही आणि हेतू गोपनीयतेचाच आहे. म्हणजे स्कोमेटच्या आठव्या वर्गाचा विचार करावाच लागतो. त्यात "पाठवलं" याचा अर्थ फक्त पार्सल नाही. मेलने पाठवलेला, सर्व्हरवरून उतरवू दिलेला कोडही निर्यातच. यादीतल्या सॉफ्टवेअरसोबत तो बनवायचं तंत्रज्ञानही यादीत आहे, म्हणजे डिझाइनची कागदपत्रं आणि तांत्रिक मार्गदर्शनसुद्धा. कस्टमचा शिपाई मध्ये कुठेच येत नाही, त्यामुळे कोणी अडवत नाही, आणि अडवलं नाही म्हणजे चालतं असं वाटतं.

अशा कामाआधी करायचं ते फार नाही. करारावर सही करण्यापूर्वी आपलं काम यादीतल्या कोणत्या ओळीत बसतं ते बघा. यादी डीजीएफटीच्या साइटवर फुकट आहे, भाषा रूक्ष आहे, पण माहिती सुरक्षेचा भाग एका दुपारी वाचून होतो. ग्राहक अंतिम वापर कशासाठी करणार ते लेखी घ्या, परवान्याच्या अर्जात ते लागतंच. अर्ज ऑनलाइन होतो. एकाच कंपनीच्या देशी-परदेशी शाखांमध्ये देवाणघेवाण असेल तर २०१९पासून दर वेळी परवाना न काढता एकदाच घ्यायच्या सर्वसाधारण परवानगीची सोय आहे. माहिती सुरक्षेच्या वस्तूंसाठीही अलीकडे तशी स्वतंत्र सोय झाली आहे. ग्राहक संरक्षण क्षेत्रातला असेल तर मात्र स्वतःच्या वाचनावर विसंबू नका, निर्यातीचं काम करणारा वकील किंवा सल्लागार गाठा, फी वसूल होते.

आणि जमत असेल तर एन्क्रिप्शनचा भाग प्रमाणित ओपन सोर्स लायब्ररीतून घ्या आणि स्वतः फक्त वरचं लिहा. सुरक्षेच्या दृष्टीनेही तेच बरं. त्याने तुमचं बंद उत्पादन आपोआप मोकळं होत नाही हे मात्र ध्यानात असू द्या. लायब्ररी खुली म्हणून तिच्यावर बांधलेलं सगळं खुलं, असा गैरसमज मी चांगल्या चांगल्या लोकांकडून ऐकलाय.

श्रोत्याचं ॲप, त्याने कळवल्याप्रमाणे, क्रिप्टोकिटवरच आहे. म्हणजे "हो", मग "सूट आहे", आणि फ्रान्सची खूण राहू दे. पुढच्या भागात त्याच मेलमधला दुसरा प्रश्न घेऊ: फोन हरवला आणि पासवर्डही विसरला तर त्या नोंदी परत मिळतील का. भेटू.